गळती आधी समीकरणात दिसते का?

गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत. पूर्ण भारावर एकेका संचाचा बॉयलर तासाला सुमारे २००० टन वाफ देतो. कोळशावरच्या केंद्रातल्या अभियंत्याला धास्ती कशाची, असं विचारलं तर बहुधा एकच उत्तर येईल: ट्यूब लीकेज. नळीला बारीक छिद्र पडतं, तिथून सुटलेली वाफ शेजारच्या नळ्या कापत जाते आणि मग संच बंद करून बॉयलर थंड होण्याची वाट पाहावी लागते. असा बिघाड वेळीच ओळखण्याच्या पद्धतींत प्रतिमानाधारित शोध ही सर्वांत देखणी. सर्वांत उपयोगी म्हणायला मात्र मी कचरतो.

कल्पना सोपी आहे. यंत्राचं गणिती प्रतिमान यंत्राच्या बरोबरीने संगणकात चालवायचं आणि मीटरच्या आकड्यातून प्रतिमानाचा आकडा वजा करायचा. उरतो तो अवशेष. यंत्र धड असेल तर तो शून्याभोवती घुटमळतो. काल्मन यांच्या १९६० च्या गाळणीने, म्हणजे मोजमाप आणि प्रतिमान यांची सांगड घालणाऱ्या फिल्टरने, याला पाया दिला. बीअर्ड यांनी १९७१ च्या एमआयटीतल्या प्रबंधात अवशेषाला दिशा दिली: प्रत्येक बिघाडात तो आपापल्या ठरलेल्या वाटेनेच सरकावा. विल्स्की (१९७६), इझरमन (१९८४) आणि फ्रँक (१९९०) यांच्या आढाव्यांनी या विषयाला शास्त्राचं रूप आलं. आयआयटी मुंबईचे सचिन पटवर्धन आणि त्यांचे सहकारी याच्याही पुढे गेले. निदान झाल्यावर नियंत्रकाने बिघाड पोटात घालून काम कसं चालू ठेवायचं, हा त्यांचा विषय. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण नुसत्या अलार्मची कंट्रोल रूममध्ये कमतरता कधीच नसते.

आता हे बॉयलरला लावून पाहा. आत गेलेलं पाणी वजा बाहेर आलेली वाफ, यापेक्षा साधं प्रतिमान नाही. पण दोन हजार टनांवर मीटरची एक टक्का चूक म्हणजे वीस टन. त्याहून लहान गळती त्या चुकीतच दडते, आणि पकडायची असते ती नेमकी लहानच. शिवाय बऱ्याच ठिकाणी वाफेचा प्रवाह थेट मोजत नाहीत, टर्बाइनच्या पहिल्या टप्प्यातल्या दाबावरून काढतात. म्हणजे प्रतिमानाची तुलना दुसऱ्या प्रतिमानाशीच होते. जुने ऑपरेटर मेक-अप पाणी, म्हणजे चक्रातून निसटलेल्या पाण्याची भरपाई, का वाढलं, याकडे डोळा ठेवतात. तेही वस्तुमानाचं समीकरणच, फक्त लहान आकड्यावर मांडलेलं, म्हणून जास्त तिखट. नवी गाळणी बसवण्याआधी समीकरण कुठे मांडायचं हे ठरवावं, पण प्रबंधांत त्याला परिशिष्टाइतकीही जागा मिळत नाही.

दुसरी अडचण नवी आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार कोळशाच्या संचांनी सौरऊर्जेला वाट देत भार ४० टक्क्यांपर्यंत उतरवायचा आहे. भार सतत वरखाली झाला की स्थिर अवस्थेचं प्रतिमान दर तासाला खोटं ठरतं, आणि त्याच चढउताराने नळ्याही थकतात. त्यात कोळसाही बदलता. अवशेष वाढला तो छिद्रामुळे की राखेमुळे, हे सांगता आलं नाही तर अलार्मचा उंबरठा सैल करतात, आणि सैल उंबरठ्याखालून गळती निसटते. पद्धती तपासायला संशोधकांचा आवडता नमुना मात्र अजूनही टेनेसी ईस्टमन, १९९३ मध्ये जाहीर झालेला रासायनिक कारखाना, तोही संगणकातला.

गोंदियातल्या भातगिरण्यांत ही पद्धत बसवणं मला जास्त शक्य वाटतं. इंडक्शन मोटरची समीकरणं पक्की आहेत आणि मोजायचा असतो तो फक्त करंट. दोन टक्के स्लिपवर, म्हणजे रोटर फिरत्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा तेवढा मागे असताना, त्याची सळई तुटली तर करंटमध्ये ५० हर्ट्झच्या दोन्ही अंगांना, ४८ आणि ५२ वर, खुणा उमटतात. मात्र धानाची आवक त्याच लयीत कमीजास्त झाली तरी अशाच खुणा दिसतात. तेव्हा मोटरबरोबर हलरच्या, म्हणजे धान सडणाऱ्या यंत्राच्या, भाराचंही प्रतिमान लागेल, आणि ते धानाच्या जातीप्रमाणे, ओलाव्याप्रमाणे बदलत राहील.