पडद्यावरचं शेवटचं वाक्य

आपल्या सिनेमात माणूस मरण्याआधी बोलतो. गोळी लागलेली असो नाहीतर कॅन्सर झालेला असो, त्याला एवढी सवड मिळतेच, की मित्राच्या मांडीवर डोकं ठेवावं, राहून गेलेलं सांगून टाकावं आणि वाक्य पुरं झालं की मान टाकावी. मग व्हायोलिन. मग कट. पुढचा सीन थेट चितेचा, नाहीतर हार घातलेल्या फोटोचा.

या दोन सीन्सच्या मधे काय असतं, ते बघायचं तर शीवला या. लोकमान्य टिळक रुग्णालय, म्हणजे आपण सगळे ज्याला सायन हॉस्पिटल म्हणतो ते. बाहेरच्या रस्त्यावर, आतल्या जिन्यांवर माणसं बसलेली असतात. कुणाच्या मांडीवर एक्स-रेचं पाकीट, कुणी चादर अंथरून आडवं झालेलं, कुणी गावाकडच्या काकांना फोनवर तेच तिसऱ्यांदा सांगतंय. शेजारच्या धारावीतून आलेली, कुर्ल्याहून आलेली, पार कसाऱ्याहून लोकलने आलेली. यांतल्या काहींच्या घरी मरण येणार आहे. कधी, ते वॉर्डातल्या डॉक्टरलाही सांगता येत नाही. तोवर औषधं आणायची, रक्तासाठी धावपळ करायची, आलटूनपालटून जेवून यायचं आणि वाट बघायची.

सिनेमाने ही वाट बघणं कापून टाकलं आणि तिच्या जागी शेवटचं वाक्य ठेवलं. माझी तक्रार त्याबद्दल आहे. कारण मरणाबद्दल आपल्याला जे वाटतं, ते आपण बरंचसं पडद्यावरूनच शिकलोय.

'आनंद' घ्या. १९७१ सालचा, हृषीकेश मुखर्जींचा, मुंबईतच घडणारा. हसत हसत मरायला निघालेला राजेश खन्ना आणि त्याचं मरण सहन न होणारा डॉक्टर भास्कर, म्हणजे अमिताभ बच्चन. शेवटी काय होतं, विचारलं तर कुणीही टेपरेकॉर्डर सांगेल. आनंद गेलेला असतो, भास्कर त्याला बोल म्हणून विनवतो आणि टेपमधून आनंदचा आवाज येतो. या सीनवर आपल्या आईवडिलांची पिढी रडली, आपणही रडतो.

पण त्याच्या जरासं आधी काय घडतं? भास्कर औषध आणायला गेलेला असतो. आनंद त्याच्यासाठी व्याकूळ होतो आणि भास्कर परत यायच्या आत जातो. या जवळच्या मित्राला, त्यातून डॉक्टरला, तो क्षण गाठता येत नाही. सिनेमातली सगळ्यात खरी गोष्ट ही आहे. त्या क्षणी आपण बहुतेक वेळा तिथे नसतोच. कुणी केमिस्टच्या रांगेत असतं, कुणी चहा प्यायला खाली उतरलेलं असतं. हृषीदांना हे ठाऊक होतं, आणि प्रेक्षकाला ते झेपणार नाही हेही ठाऊक होतं. म्हणून टेप आली. आपण मात्र टेप लक्षात ठेवली आणि भास्करचं उशिरा पोचणं विसरून गेलो.

याची किंमत काय, ते मी माझ्या आत्याच्या वेळी पाहिलं. ती सहा दिवस व्हेंटिलेटरवर होती. घशातली नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, त्यामुळे माणूस शुद्धीवर असला तरी त्याला आवाज काढता येत नाही. हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. तरीही माझा आतेभाऊ रोज भेटीच्या वेळेत तिच्या कानाशी वाकून विचारायचा, "आई, काही सांगायचंय का?" ती गेल्यावर कितीतरी महिने तो म्हणत राहिला, की आई काही न बोलता गेली. खरं तर ती बोलली होती. घरातून निघताना म्हणाली होती, "कुलूप नीट लागलं का बघ." पण आपण पाहिलेल्या सिनेमांत शेवटचं वाक्य असं नसतं, म्हणून त्याने ते मोजलंच नाही.

'व्हेंटिलेटर' (२०१६) या नळीपाशी थांबतो, म्हणून तो महत्त्वाचा. राजेश मापुसकरांना या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गणपती तोंडावर आलेत आणि कामेरकरांचे गजूकाका व्हेंटिलेटरवर आहेत. सगळा गोतावळा हॉस्पिटलात जमतो. कुणाला खरंच वाईट वाटतंय, कुणाला सुतक येऊन गणपतीचं काय होणार याची काळजी, कुणाचे जुने हिशेब निघतायत. हे कुणालाही खोटं वाटणार नाही. लालबाग-परळकडे ज्यांचं घर आहे आणि कोकणात ज्यांचा गणपती आहे, त्यांना तर मुळीच नाही. यंत्र काढायचं की ठेवायचं, हा प्रश्न घरात कसा फिरतो, कोण कुणाच्या तोंडाकडे बघतं, हे मराठी पडद्यावर इतकं मोकळेपणाने आणि हसवत क्वचितच आलंय.

माझी अडचण पुढे सुरू होते. हळूहळू सगळा सिनेमा बाप-लेकांच्या अबोल्याकडे वळतो. काचेपलीकडचा माणूस इतरांना शहाणं करण्यापुरता उरतो. अकिरा कुरोसावांच्या 'इकिरू'त (१९५२) नायक सिनेमा संपायच्या बराच आधी मरतो आणि पुढचा मोठा भाग म्हणजे त्याच्या दुखवट्याला जमलेल्या सहकाऱ्यांचं बोलणं. तेही स्वार्थी आहेत, तेही भांडतात. पण त्या बोलण्यातून गेलेला माणूस आपल्याला जास्त जास्त दिसत जातो. 'व्हेंटिलेटर'मध्ये उलटं होतं. जिवंत माणसांचं मनोमीलन होतं, आपणही डोळे पुसतो आणि गजूकाका कोण होते हे आपल्याला फारसं कळलेलं नसतं.

आणि जिथे गोतावळाच नसतो, तिथे?

मे २०२०मध्ये शीवच्याच रुग्णालयातला एक व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. कोविडचा वॉर्ड. खाटांवर रुग्ण आणि शेजारच्या काही खाटांवर काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले मृतदेह. नातेवाईक मृतदेह न्यायला पुढे येत नाहीत, असं स्पष्टीकरण तेव्हा रुग्णालयाकडून दिलं गेलं. टीका झाली, राजकारण झालं, पुढचा व्हिडिओ आला. मला त्यातल्या काळ्या पिशव्यांपेक्षा त्यांच्या आसपासची रिकामी जागा जास्त आठवते. आपल्याकडे मेलेल्या माणसाजवळ कुणीतरी बसतं. त्या वॉर्डात बसलेलं कुणी नव्हतं, आणि पलीकडच्या खाटेवरचा जिवंत माणूस हे सगळं बघत होता. हे आपण तावातावाने फॉरवर्ड केलं. पण त्याचा शोक करायचा राहिला.

मृतदेह दाखवला की मरण दिसतं, असं नसतं. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्ये गटारात उतरणाऱ्या वासुदेव पवारचा देह एकदाही दिसत नाही. लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप आहे, की त्याचं गाणं ऐकून पवारने आत्महत्या केली. मग पवारची बायको साक्षीला उभी राहते. नवरा रोज कसा उतरायचा, खालचा वायू कसा ओळखायचा, वास सहन व्हावा म्हणून कसा प्यायचा, हे ती विचारलं तेवढंच सांगते. रडत नाही. कॅमेरा जवळही जात नाही. तरी तो माणूस आणि त्याचं मरण आपल्यासमोर उभं राहतं. संगीत वाजवून ही बाई रडली असती, तर आपण तिच्यावर दया करून मोकळे झालो असतो.

यानंतर 'साबर बोंडं'कडे यावं लागतं. रोहन कानवडेचा हा सिनेमा २०२५च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात पहिला आला. मुंबईत राहणाऱ्या तिशीतल्या आनंदचे वडील वारतात आणि तो आईबरोबर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी गावी जातो. कानवडेला हे सुचलं तेही स्वतःच्या वडिलांच्या दुखवट्यात. काय खायचं, काय घालायचं, याचे नियम. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा एकच प्रश्न, लग्नाचं काय? आनंद समलिंगी आहे. आईला ते ठाऊक आहे, नातेवाइकांना नाही. गावात बालपणीचा मित्र बाळ्या आहे.

इथे पार्श्वसंगीत नाही. कुठे रडायचं, ते कुणी सांगत नाही. कॅमेरा एका जागी थांबतो आणि माणसं बसून राहतात. फोनवर दीडपट वेगाने पाहिलात, तर गोष्ट कळेल आणि दुःख निसटेल, कारण दुःख त्या बसून राहण्यातच आहे. दुखवट्याचे नियम आनंदला जाचतात, पण त्याच नियमांमुळे त्याला दहा दिवस कुठेही जावं लागत नाही. मुंबईत ऑफिसने इतके दिवस दिले असते का? सिनेमा रूढीची आरती करत नाही आणि तिच्यावर दातही खात नाही. बाळ्याची जवळीक म्हणजे बाप गेल्यावरचं औषध, असंही तो म्हणत नाही. दुःख आणि ओढ एकाच अंगात एकाच वेळी असतात, एवढंच दाखवतो. बापाचं शेवटचं वाक्य काय होतं, यावर यातलं काहीच अडलेलं नाही.

मला असे सिनेमे हवेत, कारण आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी त्या जिन्यावर बसायचंय. त्या वेळी निरोपाचं वाक्य ऐकायला मिळेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पण न ऐकताही प्रेम पुरं झालेलं असतं, एवढं जरी आधी कुठेतरी पाहिलेलं असलं, तरी आतेभावासारखं स्वतःला टोचत बसावं लागणार नाही.

टीव्हीवर पुन्हा 'आनंद' लागला, तर टेप सुरू व्हायच्या आधीची मिनिटं नीट बघा. औषध आणायला गेलेला भास्कर परत येतो. त्याने जे करायचं होतं, ते सगळं केलेलं असतं.