नीतिसूत्रांतील मद्यपी आणि राजमाता : एक पुनर्वाचन

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात ‘सुबोध बायबल’कारांचा हा सन्मान झाला, ही घटना वाङ्मयीनदृष्ट्या महत्त्वाची होय. तथापि बायबल हा साहित्यग्रंथ म्हणून वाचण्याची सवय आपल्या महाविद्यालयीन समीक्षेला अद्याप लागलेली नाही. त्यातील मद्यपानविषयक वचनांना तर आपण व्यसनमुक्ती सप्ताहातील फलकांपुरतेच स्थान दिले आहे. प्रस्तुत लेखात ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथातील दोन उताऱ्यांचा त्या दृष्टीने विचार केला आहे.

प्रथमच स्पष्ट केले पाहिजे की, बायबल सरसकट दारूबंदीचा ग्रंथ नाही. स्तोत्रकर्ता द्राक्षारसाला मन आनंदित करणारे देणे मानतो. काना गावच्या लग्नात येशू पाण्याचा द्राक्षारस करतो. निषेध आहे तो अतिरेकाचा. म्हणूनच २३व्या अध्यायाच्या अखेरीस येणारे मद्यपीचे चित्र निव्वळ उपदेशापेक्षा वेगळे ठरते. त्याचा आरंभ सहा प्रश्नांनी होतो. हळहळ कोणाला, दुःख कोणाला, विनाकारण जखमा कोणाच्या अंगावर, लाली कोणाच्या डोळ्यांत, अशा स्वरूपाचे हे प्रश्न एखाद्या उखाण्यासारखे आहेत. उत्तर मिळाल्यावर पेल्यातील तांबड्या रसाकडे पाहूच नये असे बजावले जाते, कारण शेवटी तो सापासारखा डसतो. इथवर उपदेशकाचा आवाज आहे. पुढे मात्र डोलकाठीच्या टोकावर निजलेल्या माणसाची विलक्षण प्रतिमा येते आणि मद्यपी स्वतःच बोलू लागतो. आपल्याला मारले तरी लागले नाही, असे तो सांगतो. जाग केव्हा येईल, असे विचारतो आणि जाग येताच पुन्हा पेल्याकडे जाण्याचा मनोदय व्यक्त करतो. उतारा तेथेच संपतो. पश्चात्ताप नाही, शिक्षा नाही, सुटकाही नाही. कवीने निष्कर्ष काढण्याचे टाळले, हेच या रचनेचे सामर्थ्य होय.

मराठी वाचकाला येथे राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ची (१९१९) आठवण होणे स्वाभाविक आहे. नाटकाच्या शीर्षकातच ते परतणे दडलेले आहे. परंतु गडकऱ्यांनी सुधाकरच्या व्यसनाला कारण पुरविले. न्यायालयातील अपमान, सनदेवर आलेले गंडांतर आणि पेला पुढे करणारा तळीराम अशी ती मालिका आहे. नीतिसूत्रकाराच्या चित्रात तळीराम नाही. मोह पेल्यातच आहे. कारणमीमांसेच्या अभावी हे चित्र सामाजिकदृष्ट्या तोकडे वाटेल, परंतु मानसशास्त्रीयदृष्ट्या ते अधिक निर्दय आहे, असे आमचे मत आहे. दुसरा भेद सिंधूचा. दळणे दळून संसार रेटणारी, पतीचा त्याग न करणारी सिंधू प्रेक्षकांच्या अश्रूंची धनी झाली आणि त्या अश्रूंत दारूच्या व्यवस्थेचा प्रश्न वाहून गेला.

हा प्रश्न ३१व्या अध्यायात एक स्त्रीच उपस्थित करते. राजा लमुएलची माता (ग्रंथात तिचे नाव नाही) पुत्राला सांगते की, मद्य राजांना शोभत नाही. पिऊन ते कायदा विसरतील आणि पीडितांचा न्याय विपरीत करतील. येथे मद्यपान हे घराचे दुःख राहत नाही, ते राज्यकर्त्याचे अपयश ठरते. याच अध्यायातील सद्गुणी स्त्रीचे स्तवन अधिक परिचित आहे. त्याआधीची ही माता मात्र उपेक्षित राहिली.

धाराशिवच्या वाचकाला या वचनाचा अर्थ विशेष जाणवावा. हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि आबकारी हे त्या संस्थानाच्या उत्पन्नाचे एक प्रमुख साधन होते. १९४७च्या मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडे तोडणे हा आंदोलनाचा एक मार्ग बनला, तो केवळ नीतीसाठी नव्हे, तर राजाच्या तिजोरीवर घाव घालण्यासाठी. लमुएलच्या मातेने राजाला पेल्यापासून दूर राहण्यास सांगितले. पेल्याच्या उत्पन्नावर जगणारा राजा तिच्या कल्पनेत नसावा. पुढे महाराष्ट्रात गावातील दुकान बंद करण्यासाठी ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असे मतदान सुरू झाले. त्यासाठी स्त्रियांनी पुढाकार घेतला, तेव्हा सिंधूच्या अश्रूंऐवजी मातेचा जाब ऐकू आला, असे म्हणता येईल.

तरीही तिच्या उपदेशातील एक स्थळ अडचणीचे आहे. मरणोन्मुखाला आणि खिन्न मनाच्या माणसाला मद्य द्या, म्हणजे तो आपले दारिद्र्य विसरेल, असे ती लगेच पुढे म्हणते. काही भाष्यकार यात करुणा पाहतात, काही उपरोध. त्यानंतर येणारी आज्ञा, मुक्यांसाठी तोंड उघड आणि दीनांना न्याय दे, ही लक्षात घेता उपरोधाचा अर्थ आम्हाला अधिक ग्राह्य वाटतो. गरिबाला विस्मृती पुरवून राजाची सुटका होत असती, तर या आज्ञेची गरजच उरली नसती. मात्र हे वचन संदर्भातून सुटे केले, तर तेच शिंदीखान्याच्या दारावरही लावता येते.