‘इन्कार्सरेट’ : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोजन

इंग्रजीतील ‘इन्कार्सरेट’ या क्रियापदाच्या मुळाशी तुरुंग या अर्थाचे ‘कार्सर’ हे लॅटिन नाम आहे. ‘तुरुंगात टाकणे’ हा त्याचा कोशगत अर्थ असला, तरी त्याचे उपयोजन अधिक व्यापक आहे. वैद्यकशास्त्रात, अडकून बसलेल्या व आत ढकलता न येणाऱ्या हर्नियालाही हेच विशेषण लावतात. तेथे अपराध नाही, शिक्षा नाही. केवळ अडकणे आहे. कोंडणे न्याय्य की अन्याय्य, याविषयी हा शब्द मौन बाळगतो.

या मौनाचे मोल अमेरिकेतील एका प्रकरणावरून ध्यानात येते. १९ फेब्रुवारी १९४२ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेश ९०६६ नंतर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. शासनाने या कृतीस ‘स्थलांतर’ व ‘पुनर्वसन’ या अर्थाची नावे दिली. पुढे ‘इंटर्नमेंट’ हा शब्द रूढ झाला. १९८८ च्या क्षमायाचनेच्या कायद्यातही तोच आला. वस्तुतः कायद्याच्या परिभाषेत ती संज्ञा युद्धकाळात शत्रुराष्ट्राच्या नागरिकांना अटकेत ठेवण्यासाठी आहे. स्वतःच्याच नागरिकांना ती लावणे म्हणजे त्यांचे परकेपण नकळत मान्य करणे होय. म्हणूनच अलीकडील अनेक अभ्यासक ‘इन्कार्सरेशन’ हा शब्द पसंत करतात.

मिने ओकुबो यांच्या ‘सिटिझन १३६६०’ (१९४६) या सचित्र आत्मकथनात हाच संघर्ष शीर्षकातच उभा राहतो. ‘नागरिक’ या पदापुढे कुटुंबाला मिळालेला क्रमांक येतो आणि नागरिकत्व व बंदिवास यांतील विसंगती भाष्यावाचून उघड होते. टॅनफोरान येथील घोड्यांच्या तबेल्यातील वास्तव्याचे चित्रण वाचल्यावर ‘पुनर्वसन’ हा शब्द टिकत नाही.

मराठी अनुवादकापुढील प्रश्नही येथेच आहे. ‘कारावास’ म्हटले की शिक्षा सूचित होते. ‘नजरकैद’ या शब्दात घरातील पहाऱ्याचा सौम्यपणा आहे. ‘स्थानबद्धता’ खटल्याविना अटक दर्शवते. परंतु प्रतिबंधक कायद्यांच्या परिभाषेतील असल्याने ती त्या कृतीस वैधतेचे कवच देते. त्या मानाने ‘बंदिवास’ हा शब्द अपराध गृहीत धरत नाही आणि भिंतही लपवत नाही.

सारांश, बंधनवाचक शब्दाची निवड हा केवळ पर्यायाचा प्रश्न नाही. अनुवादकाने निवडलेला शब्द कोंडलेल्याची बाजू मांडतो की कोंडणाऱ्याची, हे तपासणे समीक्षेचे कर्तव्य ठरते.