रंग दिसतो, जनुक दिसत नाही

क्लॅरन्स कुक लिटल यांचे ‘द इनहेरिटन्स ऑफ कोट कलर इन डॉग्ज’ हे पुस्तक १९५७ साली अमेरिकेत निघाले. जनुके वाचण्याचे तंत्र तेव्हा नव्हते. आईबापांचा आणि पिलांचा रंग नोंदायचा, अनेक जोड्यांच्या नोंदी एकत्र करायच्या आणि त्यांवरून जनुकाचा अंदाज बांधायचा, ही लिटल यांची रीत. निरीक्षणातून अनुमान कसे काढावे, हे शिकण्यासाठी पुस्तक आजही वाचावे.

पण केवळ डोळ्यांवर भिस्त ठेवली की चुका होतात. सलग काळा रंग आणि पट्टेरी रंग ही लिटल यांनी दोन वेगळ्या जनुकांची रूपे मानली होती. प्रत्यक्षात दोन्ही एकाच तिसऱ्या जनुकाची रूपे आहेत, हे २००७ साली कळले. ही चूक कागदावरची. तिने कोणाचे बिघडले नाही. ‘मर्ल’ रंगाबाबत मात्र तसे म्हणता येत नाही.

मर्ल म्हणजे काळ्या वा तपकिरी अंगावर फिक्या रंगाची ठिगळे. डॅशुंडमध्ये यालाच ‘डॅपल’ म्हणतात. एका जनुकात डीएनएचा आगंतुक तुकडा शिरल्याने हे घडते, असे २००६ साली दिसून आले. आईबाप दोघेही मर्ल असले तर पिलाला हे जनुक दोन्हींकडून मिळू शकते. अशी पिले बरीचशी पांढरी असतात आणि त्यांचे डोळे कधीकधी लहान, सदोष असतात. रंगपेशी कानाच्या आतल्या भागातही लागतात. त्या नसल्या तर ध्वनी टिपणाऱ्या पेशी जन्मानंतर काही आठवड्यांत मरतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या १५३ कुत्र्यांच्या पाहणीत, जनुकाची एकच प्रत असलेल्यांपैकी दोन्ही कानांनी बहिरी एक टक्क्याहून कमी होती. दोन प्रती असलेल्यांत १५ टक्के, शिवाय एका कानाने बहिरी १० टक्के.

येथे आपल्या शिकवण्यातील उणीवही उघड होते. फळ्यावर आपण चार घरांची चौकट काढतो आणि ‘चारांत एक’ म्हणून मोकळे होतो. हे प्रमाण प्रत्येक पिलाला स्वतंत्रपणे लागू असते. चिवावासारख्या लहान जातीत एका वेळी पिले थोडीच होतात. तीन पिले झाली, तर तिघांतही दुहेरी जनुक नसण्याची शक्यता २७/६४, म्हणजे सुमारे ४२ टक्के. तिन्ही पिले धडधाकट निघाली की पाळणारा म्हणतो, “जोडी चांगली आहे,” आणि तीच जोडी पुन्हा लावतो.

दुसरा धोका लपलेल्या मर्लचा. हे जनुक काळ्या-तपकिरी रंगद्रव्यावरच परिणाम करते. ज्या कुत्र्याच्या केसांत फक्त लाल-पिवळे द्रव्य असते, त्याच्या अंगावर ते जवळजवळ दिसतच नाही. येथे लिटल यांची रीत थकते; डीएनए तपासणीच हवी.

नियम साधा आहे: मर्लची जोडी मर्ल नसलेल्याशीच लावावी. म्हणून वर्गात एक प्रश्न जरूर द्यावा: “मर्ल कुत्री आणि पिवळा कुत्रा यांची जोडी लावण्याआधी कोणती माहिती मिळवाल, आणि का?” उत्तरात केवळ गुणोत्तर आले, पिलू आले नाही, तर धडा पुन्हा घ्यावा.