पुठ्ठ्याचा माग

गेल्या हिवाळ्यात आपल्या रविवारच्या मराठी शाळेत डोकावले, तर आठ-दहा वर्षांची मुलं पुठ्ठ्यावर दोरे ताणून बसलेली. हस्तकलेचा तास असेल म्हणून मी वळणारच होते, इतक्यात कानावर शब्द आले. "ताण सैल झालाय." "माझा गुंता झाला!" "कांडी संपली." घरी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी हीच मुलं. गुंता हा शब्द कोणी फळ्यावर लिहून दिला नव्हता. तो बोटांत झाला, म्हणून तोंडात आला.

हे शिकवणारे दोघं. एक शाळेतल्या ताई, आणि दुसरे सहा महिन्यांसाठी टोरांटोला मुलाकडे आलेले एक आजोबा. आजोबा सांगोल्याकडचे, सनगर. लोकर धनगरांच्या मेंढ्यांची, कातणं बायकांचं आणि माग सनगराचा, अशी तिकडची जुनी रीत. त्यांची काळी घोंगडी मुलांच्या गालाला टोचली. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे धागा ताठ राहतो, विणताना तुटत नाही, हे त्यांनी सांगितलं; पण चिंच चाखलेल्या मुलांनी चिंचोका पाहिलेलाच नव्हता. पुढच्या रविवारी कोणाची तरी आई डब्यातून चिंचोके घेऊन आली.

माग अगदी साधा. खोक्याच्या पुठ्ठ्याला वर-खाली खाचा, त्यांतून ओवलेला सुती दोरा म्हणजे ताणा, दाभणातली लोकर म्हणजे बाणा, आणि फणीच्या जागी जेवणाचा काटा. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या कापडाला कंबर आली, कारण प्रत्येकानं बाणा करकचून ओढला होता. "ओढायचा नाही. टेकडीसारखा ठेवायचा, मग ठोकायचा," आजोबा एवढंच म्हणाले आणि एकेकाचं बोट धरून दाखवत राहिले. ही टेकडी मी विसरणार नाही.

खरी गंमत दोन रंगांची. लाल लोकर डावीकडून येऊन मध्येच वळली, पिवळी उजवीकडून येऊन तिथेच वळली, आणि दोहोंच्या मध्ये उभी फट राहिली. ताईंनी ती लगेच दुरुस्त केली नाही. त्यांनी आपली लग्नातली येवल्याची पैठणी बाकावर उलटी पसरली. पदरावरचा मोर मागूनही पुढच्यासारखाच! सुटे धागे नाहीत, कारण तिथे प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते आणि शेजारचे दोन रंग भेटतात तिथे धागा धाग्यात अडकवून परत फिरतो. विणकर हे एकेक ओळ करत हातानं साधतो, म्हणून भरगच्च पदराच्या साडीला महिने लागतात. मुलांनी आपल्या फटीकडे पाहिलं, मोराकडे पाहिलं आणि दाभण उचलला. पैठणीचं कौतुक आपण सगळेच करतो. पण ती कशामुळे अवघड आहे, हे मला त्या फटीपाशी कळलं.

एका मुलीनं मग शाळेत पाहिलेल्या मेटी लोकांच्या रंगीत पट्ट्याची आठवण काढली. इथल्या त्या समाजाचा हा पट्टा मागाशिवाय, नुसत्या बोटांनी विणतात. आजोबांनी तो पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतला. अशी देवाणघेवाण जुनीच; आपल्याकडचं कापडही परदेशाला नवखं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक सागरी-व्यापाराच्या मार्गदर्शिकेत तगर, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं कापड भडोच बंदरात येत असल्याची नोंद आहे.

यंदा गणपतीच्या चौरंगावर मुलांचे सगळे तुकडे जोडून अंथरले होते. एका तुकड्यात लाल-पिवळ्याच्या मध्ये फट तशीच होती. ती शिवून देऊ का म्हटलं, तर मालक "नको" म्हणाला. पुढचा तुकडा बिनफटीचा करणार आहे म्हणे. आजोबा पुढच्या खेपेला टकळ्या आणणार आहेत. लोकर मात्र इथलीच घ्यायची आहे. ज्यांच्या ओळखीत मेंढ्या पाळणारं कोणी असेल, त्यांनी ताईंना जरूर सांगावं.