कोणी कोणाला पाहिलं?

टारा वेस्टओव्हरला जन्मदाखला मिळाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी, घरातच जन्मलेलं हे सातवं अपत्य. नोंद करायला ना दवाखाना, ना शाळा. उशिराच्या दाखल्यासाठी तारीख सांगायची वेळ आली तेव्हा घरच्यांचंच एकमत होईना. ज्याची त्याची तारीख वेगळी. पुढे या घरातून दोन पुस्तकं निघाली आणि एकमेकांसमोर उभी राहिली, त्या भांडणाची पहिली फेरी ही अशी वाढदिवसावरूनच झडली होती.

लेकीचं ‘एज्युकेटेड’ २०१८ मध्ये आलं. भंगाराच्या आवारात राबणारी मुलं, सरकार, शाळा आणि डॉक्टर या तिघांनाही शत्रू मानणारे वडील, झाडपाल्याची औषधं करणारी आणि परवान्याशिवाय सुईणपण करणारी आई, मारहाण करणारा एक भाऊ. शाळेचं तोंड न पाहिलेली ही मुलगी घरीच अभ्यास करून प्रवेशपरीक्षा देते, सतराव्या वर्षी विद्यापीठात जाते आणि २०१४ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवते. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. आईवडिलांनी वकिलामार्फत त्यातल्या चित्राला हरकत घेतली. मग २०२० मध्ये आई लारी वेस्टओव्हर यांनी स्वतःच्या आठवणींचं पुस्तक काढलं. नाव ठेवलं ‘एज्युकेटिंग’.

दोन नावांत फरक शेवटच्या अक्षरांचा, पण व्याकरण पाहावं. लेकीचं नाव कर्मणी आहे: ‘शिकवली गेलेली’. कोणी शिकवलं, ते गुलदस्त्यात. आईचं नाव कर्तरी: ‘शिकवत असलेली’. लेकीनं पुस्तकात आईला ‘फे’ हे टोपणनाव दिलं होतं. आईनं खऱ्या नावानिशी पुस्तक लिहून ते टोपणनाव उतरवून ठेवलं. नुसत्या मुखपृष्ठावर एवढं उत्तर क्वचितच कोणी दिलं असेल.

गंमत अशी, की दोन्ही बाजूंचा मुख्य पुरावा एकच आहे. सात मुलांपैकी तिघं डॉक्टरेटपर्यंत पोचली. आईच्या लेखी हे घरच्या शिकवणीचं यश. लेकीच्या लेखी ही तिघं घरातून निसटली म्हणून शिकली, आणि उरलेल्या चौघांकडे पाहायला हवं. खरं कोण, हे तिसऱ्यानं कसं ठरवावं? मूल घरी शिकवत असाल तर आयडाहोत सरकारला कळवावंही लागत नाही. परीक्षा नाही, तपासणी नाही. म्हणजे प्रगतिपुस्तक नाही, हजेरीपट नाही, वर्गमित्र नाहीत. अपघात झाले तरी उपचार बहुतेक घरातच, तेव्हा केसपेपरही नाहीत. एरवी आठवणी लिहिणाऱ्याला चार कागद आणि दोन शेजारी आधाराला असतात. एकाकी घराच्या लेखकाला फक्त घरातली माणसं असतात, आणि नेमकी तीच फिर्यादी असतात किंवा आरोपी.

म्हणून या प्रकारात लेखकाचा कस घटना सांगण्यात लागत नाही, शंका कुठे ठेवायची यात लागतो. वेस्टओव्हरची सुरुवातच पाहण्यासारखी आहे. सगळ्यांत ठसठशीत म्हणून ती जी आठवण सांगते, ती घडलेलीच नाही. १९९२ च्या ऑगस्टमध्ये आयडाहोतच रुबी रिज इथे संघराज्याच्या सशस्त्र पथकांनी वीव्हर कुटुंबाच्या घराला अकरा दिवस वेढा घातला होता. त्यात तान्ह्या मुलीला कडेवर घेतलेली आई गोळी लागून मेली. वडिलांनी ही हकिकत घरात अशी सांगितली, की पाच-सहा वर्षांच्या टाराच्या डोळ्यांसमोर गोळी लागून पडली ती तिची स्वतःची आई. विद्यापीठात गेल्यावर तिनं शोधलं तेव्हा कळलं, की वेढा पडला तो वडील सांगत तसा मुलं घरी शिकवण्यावरून नव्हे. मुळाशी बेकायदा शस्त्रांचा खटला होता आणि वीव्हरचा गोऱ्या वर्चस्ववाद्यांशी संबंध होता. ‘माझी स्मृती म्हणजे दुसऱ्यानं माझ्यात भरलेली गोष्ट असू शकते’ ही कबुली एवढ्या लवकर देणं धाडसाचं आहे. त्यामुळे वाचकाच्या हाती पहिल्याच प्रकरणात लेखिकेविरुद्धचं हत्यार येतं.

याहून मोलाच्या आहेत तळटीपा. एका भावाचा पाय भाजतो, त्या प्रसंगी तिथे कोण होतं याचा मेळ पुस्तकाच्या शेवटापर्यंत लागत नाही. भाजलेल्याला वडील आठवतात. टाराला वडील दिसलेच नाहीत. तिनं ज्या भावाला पाहिलं, तो बाकीच्यांच्या आठवणीत नाही. ती हा गुंता सोडवत नाही, कोणी कोणाला पाहिलं याची यादी करून पुढ्यात ठेवते. त्या पानांवर तिचं गद्य सगळ्यांत कोरडं आहे आणि सगळ्यांत विश्वासार्हही.

उलट जिथे ती फार सुरेख लिहिते तिथे खटकतं. वीस वर्षांपूर्वीचे संवाद अवतरणचिन्हांसह, प्रकरणांचे शेवट घासूनपुसून लखलखीत, डोंगर हाकेला हजर. ही सफाई लेखन-कार्यशाळांतून आली की बाजारातून, हा वादाचा विषय. सुटकेची कहाणी अमेरिकी वाचकाला फार आवडते, आणि सुटकेला तुरुंग लागतो. मग घरातले हसरे दिवस चार ओळींत उरकले जातात. पुस्तक ज्या भावाला अर्पण केलंय त्यानंही बहिणीची पाठराखण करताना शिक्षणाबाबत आईवडिलांची बाजू जाहीरपणे थोडी वेगळी मांडली होती. आईच्या पुस्तकाची अडचण दुसऱ्या टोकाची. ते घरशिक्षणाचं वकीलपत्र घेतं, आणि वकिलाला शंका परवडत नाही. त्यातून लेकीमागं बडी प्रकाशनसंस्था, आईचं प्रकाशन घरचंच. हा सामना बरोबरीचा नव्हता, हेही नोंदवायला हवं.

हेच भांडण अमेरिकी लेखक ऑगस्टेन बरोज यांच्या बाबतीत कोर्टात गेलं. आईनं मानसोपचारतज्ज्ञाच्या घरी सोडलेला, शाळेला रामराम ठोकलेला मुलगा हा ‘रनिंग विथ सिझर्स’चा (२००२) विषय. त्या डॉक्टरच्या कुटुंबानं बदनामीचा दावा लावला. २००७ मध्ये तडजोड झाली, आणि लेखकाच्या निवेदनात ‘आठवणी’ऐवजी नुसतं ‘पुस्तक’ म्हणायचं ठरलं. एका शब्दावर सौदा पटला! पण बरोज यांच्या घरातून आणखी दोन पुस्तकं आली: मोठा भाऊ जॉन एल्डर रॉबिसन यांचं २००७ मध्ये, आई मार्गारेट रॉबिसन यांचं २०११ मध्ये. तिन्ही शेजारी ठेवून वाचली तर कोर्टाला न जमलेलं काम थोडंफार होतं. थोरल्याला आस्पर्गर असल्याचं चाळिशीत कळलं. त्याच्या नजरेतून तेच घर वेगळं दिसतं, आणि तरी ओळखू येतं.

मराठी वाचकाला या जागी कर्वे दांपत्य आठवेल. धोंडो केशव कर्वे यांचं ‘आत्मवृत्त’ १९१५ चं, बाया कर्वे यांचं ‘माझे पुराण’ १९४४ चं. कर्वे यांच्या स्त्रीशिक्षण संस्थेच्या व्यापात घराची झालेली ओढाताण बायांनी आपल्या ठसक्यात सांगितली आहे. पण तिथे संस्था होती, अहवाल होते, पाहणारं पुणं होतं. वाद काय घडलं याचा नव्हता, ते कोणाच्या अंगावर पडलं याचा होता. आयडाहोच्या डोंगरात घडण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

या प्रकारातलं जुनं आणि अजून न सुटलेलं उदाहरण इंग्रज लेखक एडमंड गॉस यांचं. वडील फिलिप हेन्री गॉस निसर्गशास्त्रज्ञ आणि प्लिमथ ब्रदरन या कडव्या पंथाचे. रचलेली गोष्ट म्हणजे पाप, असं आईचं मत. त्यामुळे लहानपणी गोष्टीचं पुस्तक नाही, खेळगडी नाहीत. १९०७ मध्ये आधी निनावी आलेल्या ‘फादर अँड सन’नं ते बालपण अजरामर केलं. पण याच मुलानं १८९० मध्ये वडिलांचं आदरानं भरलेलं चरित्रही लिहिलं होतं. पुढे बाप आणि लेक दोघांचीही चरित्रं लिहिणाऱ्या अ‍ॅन थ्वेट यांना कागदपत्रांत सापडलेला बाप बराच मायाळू निघाला. इथे प्रतिवादी दुसरं कोणी नव्हतंच. एकाच माणसानं सतरा वर्षांच्या अंतरानं दोन्ही बाजू लढवल्या.

वेस्टओव्हरच्या पुस्तकात याला जोड देणारी एक जागा आहे. भाऊ तिला वाहनतळावर फरपटवतो, त्या रात्री ती डायरीत जे झालं ते आडपडदा न ठेवता लिहिते. मग भाऊ येतो, गैरसमज झाला म्हणतो, आणि ती दुसरी नोंद करते: चूक आपलीच, आपण थांब म्हटलं असतं तर तो थांबला असता. दुसरी नोंद लिहून झाल्यावर पहिलं पान फाडणं सोपं होतं. ती फाडत नाही. त्याची आठवण आणि तिची आठवण, दोन्ही एकाच डायरीत, शेजारी शेजारी राहतात.