आईने मागितलेले पुस्तक

अल्पसंख्याकांच्या भाषेचा प्रश्न आपण बहुधा कायद्याच्या कलमांतूनच वाचतो. तो माणसांच्या तोंडून ऐकायचा असेल तर आंद्राश शुतो या ट्रान्सिल्व्हेनियातील हंगेरी लेखकाचे १९७० साली निघालेले ‘आई सुखाच्या झोपेचे वचन देते’ हे पुस्तक पाहावे. १९२० च्या त्रियानोंच्या तहाने ट्रान्सिल्व्हेनिया रुमानियाकडे गेला आणि तेथील हंगेरी माणूस घरचा उंबरठा न ओलांडता परमुलखात जाऊन पडला.

आमच्याविषयी एखादे पुस्तक लिही, असे आई लेखकाला म्हणते. एवढ्या मागणीवर हे रोजनिशीवजा लेखन उभे आहे. गाव पुस्ताकामाराश, हंगेरी वस्ती थोडी, विखुरलेली. सक्तीच्या सामुदायिक शेतीने पिचलेली ही माणसे आक्रोश करीत नाहीत. बोलतात आणि बोलता बोलता हसतात. पुस्तकाचे खरे बळ या बोलीत आहे. त्याचे वैगुण्यही सांगितले पाहिजे. शुतो मागल्या राजवटीची पापे सांगतो, चालू राजवटीला मात्र फारसा धक्का लावीत नाही. तो त्या वेळी संसदेचा सभासद होता, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. तथापि पुढे १९८० नंतरच्या दशकात याच लेखकाची मायदेशी मुस्कटदाबी झाली.

डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कूची सत्ता कोसळली. ज्या क्रितेरिओन संस्थेने हे पुस्तक छापले तिचे प्रमुख गेझा दोमोकोश हंगेरी लोकांच्या नव्या संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. मार्च १९९० मध्ये तर्गू मुरेश येथे जमाव त्या संघटनेच्या कचेरीवर चालून गेला. त्या मारहाणीत शुतोने डावा डोळा गमावला. हंगेरी मुलांच्या शाळा वेगळ्या असाव्यात, ही मागणीही त्या तंट्याचे एक कारण होती.

पुढे हक्क आले, पण हळूहळू. १९९६ साली ही संघटना सरकारात सामील झाली. १९९५ च्या शिक्षण कायद्याने वरच्या इयत्तांत देशाचा इतिहास-भूगोल रुमानियनमधूनच शिकवण्याचे बंधन घातले होते. २०११ च्या कायद्याने ते सोडवले. २००१ च्या कायद्याने जेथे अल्पसंख्याक शेकडा २० हून अधिक, तेथे कचेरीत आणि गावाच्या पाटीवर त्यांची भाषा चालू लागली.

हा न्याय खराच. पण तो डोकी मोजून दिलेला आहे. १९९२ च्या शिरगणतीत सुमारे १६ लाख असलेले हंगेरी २०२१ मध्ये सुमारे १० लाखांवर आले. विखुरलेल्या गावात टक्का भरत नाही आणि हक्क वेशीबाहेरच थांबतो. शुतोची माणसे नेमकी अशाच गावातली. म्हणून कायदे झाल्यावरही हे पुस्तक जुने झालेले नाही. कायद्याच्या हिशेबात न बसणारी भाषाही कुणाची तरी मातृभाषा असते, याची साक्ष ते देते. आणि वाङ्मयाकडून याहून मोठी कामगिरी कोणी मागू नये.